मुठीचं माप

नोकरीवर रुजू व्हायला गेलो त्या दिवशी साहेबांनी माझा नेमणुकीचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं, साहेबांना ज्योतिषाचा नाद असावा. मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो टेबलावरच्या खाकी कागदावर उपडा ठेवला, माझी बोटं फाकवली आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली. मग डावा हात. मग एक लाकडी दांडकं देऊन मूठ आवळायला सांगितली आणि अंगठा नि मधलं बोट यांच्यात किती फट राहते ते पट्टीनं मोजलं. कागदाच्या कोपऱ्यात माझं नाव, वय लिहिलं आणि विचारलं, "शेतात काम केलंय कधी?"

मी "नाही" म्हटलं. ते खोटं होतं. मॅट्रिक होईपर्यंत दर पावसाळ्यात आईबरोबर मी दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जात होतो. पण मधली चार वर्षं मी अमरावतीला आणि पुण्याला काढली होती, 'मले' आणि 'तुले' जिभेवरून घासून काढले होते, आणि इस्त्रीची पँट घालून पहिल्या दिवशी साहेबासमोर निंदणाची गोष्ट काढायची माझी तयारी नव्हती. साहेबांनी माझ्या तळहाताकडे जरा वेळ पाहिलं आणि लिहिलं, 'काम - रेखाटन.'

बुलढाण्यात शेतीची अवजारं तपासायचं एक लहानसं सरकारी केंद्र होतं. दोन खोल्या, मागं पत्र्याची शेड, शेडमध्ये नांगर, वखर, डवरे आणि कोपऱ्यात खुरप्यांचा ढीग. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शेर-पायल्या जाऊन किलो-लिटर आले होते आणि सगळ्याच गोष्टींना एक ठरावीक माप असावं अशी वरची इच्छा होती. अवजारांनाही. मी तिथं ड्राफ्ट्समन होतो आणि साहेब केंद्राचे प्रमुख.

साहेब सातारकडचे. उंच, खांद्यात वाकलेले, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. एक मऊ, एक टणक. बोलता बोलता ते चुकीची पेन्सिल काढत आणि मग स्वतःवरच चिडत. वऱ्हाडात आल्यावर आपण इथल्यासारखं बोललं पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पण 'ले' कुठं लावायचा ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "मले चहाले पाहिजे," असं ते हॉटेलात सांगत. हॉटेलवाला हसत हसत दोन कप आणून ठेवी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी ज्या बोलीतून अंग काढून घेतलं होतं, तिच्यात हा माणूस आपण होऊन लोळत होता.

कुठलीही वस्तू समोर आली की त्यांचा एकच प्रश्न असे: "वापरतं कोण?" दरवाजाची कडी, बादली, हातपंप, काहीही. एकदा कामानिमित्त आम्ही शेगावला एका लॉजवर उतरलो होतो. अंगणात हातपंप होता. पहाटेपासून साहेब ओट्यावर बसून बघत होते. सात वाजता त्यांनी मालकाला बोलावलं. "पाणी कोण काढतं?" मालक म्हणाला, "ज्याले पाहिजे तो." साहेबांनी वही दाखवली. सकाळपासून पंपावर आलेली सगळी माणसं लिहिली होती: बाई, बाई, मुलगी, म्हातारी, बाई. पुरुष एकच, तोही चूळ भरायला. "आणि दांडा तुमच्या उंचीनं बसवलाय. त्या म्हातारीला प्रत्येक वेळी टाचा उचलाव्या लागल्या." मालक म्हणाला, "तिनं तर कधी सांगतलं नाही." साहेब म्हणाले, "तुम्ही विचारलंत कधी?" दुपारी निघायच्या आधी त्यांनी स्वतः चार फरश्या उचलून पंपापाशी पायरी रचली. मी गाडी चुकेल म्हणून घड्याळ बघत उभा होतो. फरशी उचलायला काही वाकलो नाही.

देऊळघाटला एका वावरात ते निंदायला बसले होते, तो किस्सा आमच्या कचेरीत सगळ्यांना तोंडपाठ होता. खुरपं कसं चालतं ते हाताला कळल्याशिवाय कागदावर कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. बायांच्या ओळीत अगदी शेवटी ते उकिडवे बसले आणि अर्ध्या तासात तणाबरोबर ज्वारीही उपटून मोकळे झाले. ओळीतली मुख्य बाई उठून आली. तिचं नाव कौतिकाबाई. तिनं त्यांच्या हातातलं खुरपं काढून घेतलं. "साहेब, तुमी धुऱ्यावर बसा. तिथून पाहा," ती म्हणाली. "नाहीतर मालक आमाले हाकलन." साहेब निमूटपणे बांधावर जाऊन बसले आणि दिवस मावळेपर्यंत तिच्या मनगटाची हालचाल कागदावर काढत राहिले.

ही कौतिकाबाई माझ्याच गावची. माझ्या आईच्या शेजारी बसून निंदणारी. मला ती कडेवर घेऊन फिरली होती. साहेबांनी तिच्याबद्दल मोठ्या उत्साहानं मला सांगितलं, तेव्हा मी "असं का?" एवढंच म्हटलं.

त्याच वर्षी मुंबईहून खुरप्याच्या मापाचा कच्चा मसुदा आला. पात्याची रुंदी, मुठीचा घेर, दोन्हींतला कोन. हे माप एकदा ठरलं की सरकारी खरेदी त्याच मापाची होणार आणि कारखान्यातून तसलीच खुरपी निघणार. समितीत अध्यक्ष, एक कारखानदार, एक प्राध्यापक आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून मेहकरकडचे एक मोठे जमीनदार होते. साहेबांनी यादी वाचली आणि मुंबईला पत्र लिहिलं की या समितीत खुरपं वापरणारं कोणी नाही. उत्तर आलं की प्रगतिशील शेतकरी सदस्य आधीच घेतलेले आहेत. साहेबांनी उलट टपाली विचारलं, "सदर सदस्यांनी कधी निंदण केले आहे काय, ते कळावे."

हे पत्र मी टाईप केलं होतं. "साहेब, असं लिहू नये," मी म्हटलं. ते म्हणाले, "मी खरंच विचारतोय हो. केलं असेल तर चांगलंच आहे."

असली पाच-सहा पत्रं झाल्यावर वरच्यांनी कंटाळून परवानगी दिली. बैठक बुलढाण्यातच होईल आणि वापरणाऱ्यांच्या वतीनं एका व्यक्तीला मत मांडता येईल. साहेबांना एवढं पुरे होतं. पुढचा महिनाभर ते सायकलवरून गावोगाव फिरले. बाजाराच्या दिवशी दवंडी द्यायला लावली. दवंडीवाल्याला मजकूर समजेना म्हणून स्वतःच त्याच्या शेजारी उभं राहून सांगू लागले. पाटलांच्या ओसरीवर जमलेल्या बाया त्यांना चालत नसत. "गावात जितक्या वस्त्या, तितक्यांतून एक तरी," असा त्यांचा हट्ट. गावकुसाबाहेर जाऊन ते जमिनीवर बसत, खाकी कागद पसरत आणि बायांचे हात काढत. सुरुवातीला बाया पदरात हात लपवत. हा माणूस हात कागदावर उतरवून करणी करतो, असंही एका गावात उठलं होतं. पण हळूहळू त्या येऊ लागल्या. कागदांची भलीमोठी गुंडाळी झाली. फाटलेली बोटं, वाकडा अंगठा, एका डावखुऱ्या बाईचा हात. तिच्यासाठी साहेबांनी कागदावर तीनदा अधोरेखा मारली होती.

अखेर सात जणी बैठकीला यायला कबूल झाल्या. एका दिवसाची मजुरी बुडवून सरकारी बंगल्यात जायचं, तिथं काय बोलायचं, कोणी हसलं तर, या सगळ्यावर साहेबांनी त्यांच्याशी तासन्‌तास बोलून त्यांना तयार केलं होतं.

बैठक विश्रामगृहात होती. अध्यक्ष मूळचे दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नव्हतं. कारखानदार आणि प्राध्यापकही परप्रांतातले, आणि मेहकरकडचे जमीनदार त्या दिवशी आलेच नव्हते. कामकाज इंग्रजीत आणि मधूनमधून हिंदीत चाललं होतं. भिंतीवर मुंबईच्या मसुद्यावरून मी शाईत काढलेला खुरप्याचा मोठा नकाशा लावला होता. अध्यक्षांनी चष्मा वर करून तो पाहिला. "कोणी काढला?" त्यांनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "असं काम मला मुंबईत मिळत नाही," ते म्हणाले. माझ्या नोकरीत तोवर माझ्याबद्दल असं कोणी बोललं नव्हतं. माझे कान गरम झाले.

तेवढ्यात बाहेर आवाज वाढला. सात बाया आल्या होत्या आणि शिपाई त्यांना व्हरांड्यात चढू देत नव्हता. आदेश एकीचा होता. साहेबांनी कौतिकाबाईला आत आणून खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाले, "यांचं बोलणं अध्यक्षांना हिंदीत सांगा. मी बाकीच्यांना घेऊन येतो." आणि ते शिपायाशी भांडायला बाहेर गेले.

कौतिकाबाईनं मला पाहिलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तू हायेस होय रे बापू," ती म्हणाली. "मंग काही भेव नाही. तुह्या मायची तब्येत कशी हाय?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी वहीत डोकं घातलं आणि म्हणालो, "बाई, खुरप्याबद्दल काय सांगायचं ते सांगा."

मग टेबलावरचं नमुन्याचं खुरपं तिनं उचललं, मुठीत धरलं, आणि खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर उकिडवी बसली. कारखानदार गालात हसले. तिनं खुरपं फरशीवर दोनदा ओढून पाहिलं.

"हे पाहा," ती म्हणाली. "ही मूठ गड्याच्या हाताची हाय. बाईच्या हातात बसत नाही, फिरते. फिरली का तळहात सोलते. अन् पातं लय रुंद. वली काळी माती चिकटते त्याले, घडीघडी झटका लागते. मूठ अशी खाली हाय का बोटाची हाडं भुईले घासते. ज्यानं हे काढलं ना बापू, तो कधी वावरात बसला नसन."

ते मी काढलं होतं आणि मी वावरात बसलो होतो. यातली दुसरी गोष्ट त्या खोलीत आम्हा दोघांनाच माहीत होती.

"क्या कह रही हैं?" अध्यक्षांनी विचारलं.

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. वेळ मिळाला होता. मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, अध्यक्षांकडे पाहिलं, आणि म्हणालो, "कह रही हैं, अच्छा है। मूठ मजबूत है।"

अध्यक्षांनी मान डोलावली. इतिवृत्त मीच लिहीत होतो. मी लिहिलं, 'वापरणाऱ्यांच्या प्रतिनिधीने नमुना पसंत केला.' कौतिकाबाई फरशीवरून उठली, खुरपं टेबलावर ठेवलं आणि पुन्हा खुर्चीवर बसली.

साहेब बाकीच्या सहा जणींना घेऊन आत आले तेव्हा अध्यक्ष फाईल बांधत होते. "झालं बोलून?" साहेबांनी कौतिकाबाईला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "झालं," ती म्हणाली.

साहेबांना आनंद मावत नव्हता. त्यांनी सातही जणींना त्याच टेबलाशी बसवून कपबशीतून चहा पाजला. शिपाई तोंड वाकडं करून कप आणत होता. संध्याकाळी इतिवृत्तावर सही करताना त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. मला वाटलं, आता विचारतील. पण ते म्हणाले, "मसुद्यात काही चूक निघेल असं मला वाटत होतं. पण त्यांना पसंत आहे म्हटल्यावर मी कोण बोलणारा? विचारलं गेलं, हे महत्त्वाचं. तुम्ही तिथं होतात म्हणून झालं हे."

पुढच्या पावसाळ्यात ती खुरपी आली. पेट्या भरभरून. निंदणी सुरू झाल्यावर पंधरवड्यात साहेब देऊळघाटच्या बाजाराला गेले, नेहमीसारखे कागद घेऊन. दुपारीच परत आले. कागद कोरे होते. बायांनी त्यांना हात काढू दिले नव्हते. कौतिकाबाईनं फक्त तळहात उघडून दाखवला होता. फोड फुटून कातडी सुटली होती. "मी सांगतलं होतं साहेब," एवढंच ती म्हणाली, आणि उठून गेली.

साहेबांनी इतिवृत्ताची प्रत माझ्यासमोर ठेवली. "ती म्हणते, तिनं सांगितलं होतं."

मी म्हणालो, "फार हळू बोलत होती साहेब. माझ्या ऐकण्यात काही राहिलं असेल."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, ती चुकीची निघाली, परत ठेवली. या वेळी स्वतःवर चिडले नाहीत. "मी खोलीत असायला हवं होतं," ते म्हणाले. "व्हरांड्यात भांडत बसलो. चूक माझी."

त्यांनी मुंबईला तसंच लिहिलं: माप चुकलेलं आहे, वापरणाऱ्यांचं मत नीट ऐकलं गेलं नाही, त्याची सर्व जबाबदारी माझी, खरेदी थांबवावी. हेही पत्र मीच टाईप केलं. एक अक्षर न चुकता. खरेदी थांबली नाही. साहेबांना मात्र विचारणा झाली की मग इतिवृत्तावर सही का केलीत, आणि तीन महिन्यांत त्यांची दूरच्या एका कचेरीत बदली झाली. तिथं अवजारं नव्हती, नुसत्या फाईली होत्या. ते गेले त्या दिवशी मी रजा टाकली. हातांच्या कागदांची ती गुंडाळी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली होती, वर चिठ्ठी: 'तुमच्याजवळ असू द्या. पुढे उपयोग होईल.' मी ती कपाटावर टाकली. पुढे कधीतरी कचेरीला चुना दिला तेव्हा ती रद्दीत गेली. मी विचारलंसुद्धा नाही.

मला बढती मिळाली. नकाशा काढणारा तो कोण, म्हणून अध्यक्षांनी माझं नाव लक्षात ठेवलं होतं. मी मुंबईला गेलो, मोठा झालो. साहेब निवृत्त झाले आणि थोड्याच वर्षांत गेले, हे मला कोणाकडून तरी उडत उडत कळलं. त्यांना एकदा तरी पत्र लिहावं असं दर दिवाळीला वाटायचं. लिहिलं नाही. आता लिहायला पत्ता उरला नव्हता.

म्हणून मी देऊळघाटला गेलो. कौतिकाबाई घराच्या दारात सुपात तूर घेऊन बसली होती. डोळे अधू झाले होते, पण नाव सांगताच ओळखलं. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी तू जे बोललीस ते मी सांगितलं नाही. भलतंच सांगितलं.

"मले ठाऊक हाय," ती म्हणाली.

"कसं ठाऊक?" मी विचारलं.

"हिंदी समजत नाही का बापू मले? आपल्या बाजारात अर्धे लोक हिंदीच बोलतात ना. 'अच्छा है' म्हटलं तू. मी तिथीच बसली होती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुह्या मायच्या बाजूले बसून निंदलं मी सारी उमर. तिचा एकुलता पोरगा नोकरीले लागला होता. म्या तोंड उघडलं असतं त तुही नोकरी गेली असती." ती सूप हलवत राहिली. "तो साहेब नंतर आला होता एकडाव. घरी. जायच्या आंधी. त्यानं इचारलं, बाई, त्या पोरानं काय सांगतलं होतं खरं? म्या म्हटलं, मले काय हिंदी समजते का साहेब. तो गेला मंग. उन्हाचा पायी आला होता. त्या मानसापाशी खोटं बोलली मी. लय चांगला मानूस होता."

तिच्या तळहाताकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. ती सुपातले खडे बाजूला काढत होती. काढता काढता तिनं विचारलं, "बदललं का मंग ते?"

"काय?"

"खुरप्याचं माप."

गेली अकरा वर्षं मी स्वतः त्या समितीत बसत होतो. त्यातली अलीकडची दोन वर्षं अध्यक्षाच्या शेजारच्या खुर्चीवर.

"नाही," मी म्हणालो.

तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरंच समजत नसल्यासारखं.

"मंग इथी काऊन आला बापू?" ती म्हणाली. "तिथी जाय ना."